दाराची जागा

फुगा फुटला तेव्हा बारक्या चमचा चघळत होता, आणि चघळतच राहिला. नितीन फुग्यांच्या कारखान्यात आहे, आमच्या डहाणूत पुष्कळजण आहेत तसा, आणि छापा तिरका आलेले किंवा मानेपाशी पातळ राहिलेले फुगे तो पिशवीत भरून घरी आणतो. त्यातला एक निळा फुगा सकाळपासून पंख्याच्या वाऱ्याने घरभर फिरत होता. दुपारी तो खिडकीच्या तुटक्या जाळीला जाऊन लागला, बारक्याच्या पाठीमागे, हातभरावर. आयच्या हातातलं सूप निसटलं, तांदूळ लादीवर पसरले, शेजारच्या ओट्यावरचं कुत्रं भुंकायला लागलं. आय म्हणजे नितीनची आई, पुतळी. मीही तिला आयच म्हणते. बारक्याच्या मानेवरचं जावळसुद्धा हललं नाही. मग चमचा लाळेने निसटला म्हणून त्याने वर माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. त्याचा खालचा ओठ पुढे आला, थरथरला, आणि तो मोठ्याने रडायला लागला. "बघ, भ्याला पोऱ्या," आय म्हणाली आणि तांदूळ गोळा करायला लागली. "बापाच्या कारखान्यातला फुगा न् बापाचाच पोऱ्या भ्याला." मी त्याला उचलून घेतलं, थोपटलं. पण फुगा फुटणं आणि तो रडणं यांच्यामध्ये एक रिकामी जागा राहिली होती, आणि ती त्या दिवसापासून घरात आमच्याबरोबर राहायला लागली. मी भांडी घासत असले तरी ती पाठीशी असायची.

लसीच्या वेळी कविताताईने विचारलं. ती आमच्या भागातली आशा सेविका. स्वतःची तीन पोरं वाढवलेली. "आवाज दिल्यावर बघतो का गं दक्षा?" बघतो म्हटलं. "मागून दिल्यावर?" मी त्याचं झबलं नीट करत बसले. तिने ओळखलं. "वापीला एक डॉक्टरीणबाई आहे कानाची. पोर झोपलं की डोक्याला वायरी लावून बघते, दुखतबिखत नाही. पण लवकर जा. कळलं तर मशीन मिळतं, शिकवणारे असतात. उशीर केला तर मग त्याला बोलायला जड जातं." तिनेच फोन करून पुढच्या आठवड्यातला दिवस घेतला. संध्याकाळी नितीनला सांगितलं तर तो हसला. "आमच्या घरात सगळे उशिरानेच. मी तर पहिला शब्द लग्नात बोललो, तोपण भटजीने बोलायला लावला म्हणून." आय जेवता जेवता म्हणाली, "आता बंद हो असं नाय सांगितलं का त्यानं?" ते दोघं हसत होते, आणि बारक्या एकदा याच्या, एकदा तिच्या तोंडाकडे बघत त्यांच्याबरोबर हसत होता. कुठल्या विनोदावर हसायचं ते त्याला बरोबर कळत होतं. मला वाटलं, उगाच जीव जाळतेय मी.

पण दुपारी आय शेजारी गेली की मी आवाज करून बघायचे. ताटली, किल्ल्यांचा जुडगा, डब्याचं झाकण. कधी तो बघायचा, कधी नाही. मग माझ्या मनात आलं की हे आवाज तरी कसले, पत्र्याचे आणि पितळेचे. आपण तरी त्यांच्याकडे मान वळवून कुठे बघतो. वळून बघावं असं काहीतरी त्याला ऐकवलं पाहिजे. तेव्हा मला होमायबाईंची ती टेप आठवली. म्हणजे टेप नव्हे, टेप तर गेली, तिच्यातलं वाजणं.

होमायबाई पारशी, किनाऱ्यालगतच्या चिकूवाडीत एकट्या राहायच्या. बीए झाल्यावर लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडे होते. औषधं द्यायची, पेपर वाचून दाखवायचा, संध्याकाळी पायाला तेल लावायचं. वेवजीहून, माझ्या माहेरच्या गावाहून, आलेल्या मला तिथलं सगळंच नवं होतं, आणि सगळ्यात नवं म्हणजे ते विलायती वाद्यवृंदाचं वाजणं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, इतकी माणसं एकाच वेळी एकच दुःख कसं काय करतात? कुणी ओरडत नाही, कुणी मध्ये येत नाही. बाईंकडे तबकड्या होत्या, पण तबकडी लावायचं यंत्र केव्हाच बिघडलेलं. उरली होती एक टेप. ती बाईंनीच केलेली, यंत्र चालू होतं तेव्हा, त्याच्यासमोर टेपरेकॉर्डर ठेवून. त्यामुळे टेपमध्ये वाजण्याबरोबर ती खोलीपण आली होती. लांब वाडीत फळ्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज, एक कावळा, बाईंच्या बांगडीची किणकिण. आणि मधोमध, चेलो, म्हणजे व्हायोलिनची थोरली, जाड आवाजाची भावंडं, एकेक पायरी उतरत खाली येतात, सगळ्यात खालच्या पायरीवर थांबतात, सगळं थांबतं, आणि ओबो नावाचं सनईच्या लांबच्या नात्यातलं एक वाद्य आता एकट्याने सुरू होणार, त्या थांबण्यात दार उघडायचं. खाऱ्या हवेने फुगलेलं सागवानी दार. आधी चौकटीला घासल्याचा आवाज, मग टक्. "माझा फली," बाई म्हणायच्या. "मी त्याला बोलली होती, अर्धा कलाक, अर्धा तास आत येऊ नको. तो आला. चाय पिणार का विचारायला!" फलीशेठ टेप केल्यानंतर वर्षाच्या आतच गेले. बाई खुर्चीत डोळे मिटून ऐकायच्या, आणि ती जागा आली की डोळे उघडून दाराकडे बघायच्या. दरवेळी. खोलीचं दार तर उघडंच असायचं, बाहेर पडवी आणि तिच्यापलीकडे झाडं. तरी बघायच्या, आणि चेहरा असा व्हायचा की तेल लावता लावता माझे हात थांबायचे. "हवे सांभळ, दीकरी," आता ऐक पोरी, म्हणायच्या मग, आणि ओबो सुरू व्हायचा.

बाई गेल्यावर त्यांच्या भाच्याने तो टेपरेकॉर्डर मला दिला. बारक्या पोटात होता तेव्हा मी रोज लावायचे. एक दिवस यंत्राने पट्टी ओढून घेतली, ती तपकिरी आतडी पेन्सिलने गुंडाळता गुंडाळता तुटली. नेमकी कुठे तुटली ते कळायला ती वाजवूनच बघावी लागली असती. डब्यावर बाईंच्या अक्षरात गुजरातीत एवढंच होतं, धीमुं, म्हणजे संथ. शेवटी मी फोनला ते गुणगुणून दाखवलं आणि फोनने नाव काढून दिलं, लांबलचक, परदेशी, मला अजून नीट म्हणता येत नाही. आणि त्या नावाखाली रांगच रांग. जगभरच्या माणसांनी तेच वाजवून ठेवलेलं. मला वाटलेलं गाणं एक म्हणजे वाजणं एक. माझी टेप ज्या तबकडीवरून निघाली ती मला त्या रांगेत कधी सापडली नाही; सापडली असती तरी ओळखली असती की नाही, सांगता येत नाही.

म्हणून मी तुलना करत बसायचे. बारक्याला समोर चटईवर बसवायचं, आमचा छोटा स्पीकर कपाटावर ठेवायचा, पंखा बंद, आणि एकामागून एक. एक सगळ्यात जुनं आहे, करकरीचा पाऊस पडत असतो त्याच्यावर. ती माणसं घाईत आहेत, जणू बाहेर टांगा उभा आहे, पण त्या घाईत व्हायोलिनं अशी चिरतात की बाकी कुणी मग तशी चिरत नाही. दुसरं एका दगडी देवळात वाजवलेलं. त्यात प्रत्येक सूर भिंतीला जाऊन परत येतो, पहिला परतायच्या आत दुसरा निघालेला असतो, आणि चेलो थांबतात ती जागा इतकी लांबते की फोनचं नेट गेलं असं वाटून माझा हात पुढे जातो. तिसरं कुठल्याशा थंड देशातल्या शाळेच्या मुलांचं. त्यांचे कर्णे घसरतात, कुणीतरी खोकतं, पण ओबो वाजवणारी मुलगी सुरू करायच्या आधी श्वास घेते तो ऐकू येतो, लहानसा, घाबरलेला. ते ऐकून मला दरवेळी तिला जवळ घ्यावंसं वाटतं. टेपनंतर माझं ते आवडतं. चौथं अगदी स्वच्छ, इतकं स्वच्छ की त्यात माणसं आहेत असं वाटतच नाही. आणि कशातही दार नाही. नसणारच. पण चेलो खाली आले की प्रत्येकात ती जागा मला दात पडल्यासारखी लागायची, रिकामी आणि मऊ.

बारक्या वळला तो शाळेच्या मुलांच्या वाजवण्यात. चेलो उतरले, थांबले, आणि त्याने मान फिरवून दाराकडे पाहिलं. वाटलं, त्या मुलीचा श्वास ऐकला याने! इतका लहान आवाज ऐकणारं पोर बहिरं कसं असेल? मी त्याला उचलून नाचले. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं, पुन्हा वळला. मी वापीला फोन केला, बाळाला सर्दी झालीय, नंतर येतो. कविताताई रस्त्यात भेटली तर तिच्याशी बोलायचं टाळून गाडीखान्यामागून आले. नितीन म्हणाला, "बोललो नव्हतो? आता त्याला इंग्लिश बाजा वाजवायला लाव, गंजाडच्या वरातीत पहिला मान आपला."

मग मी ते देवळातलं लावलं. त्यात श्वास ऐकू येत नाही, काहीच येत नाही. नुसती ती लांबलेली जागा. बारक्या वळला. घाईवाल्यांचं लावलं, त्यात ती जागा कितीतरी लवकर येते, डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपते. तेवढ्यात वळला. स्वच्छवालं लावलं. वळला. स्पीकर कपाटावर, उजवीकडे. तो वळायचा डावीकडे, दाराकडे. आमचं दार लोखंडी, दुपारी उघडंच असतं; उंबऱ्यावर ऊन, दोन चपला, वाळत घातलेलं फडकं. चपलांकडे नाही, फडक्याकडे नाही, वर बघायचा. उभ्या माणसाचं तोंड असतं त्या उंचीवर. क्षणभर बघायचा, मग शांतपणे माझ्याकडे, आणि हसायचा. मी उठून दार लावलं. पुन्हा पहिल्यापासून वाजवलं. बंद दाराकडेही त्याने तसंच पाहिलं, त्याच उंचीवर.

पुढचे दिवस मी कसे काढले ते कुणाला सांगण्यासारखं नाही. ज्याला मागे फुटलेला फुगा ऐकू येत नाही, त्याला मेलेल्या माणसाने उघडलेलं दार ऐकू येतं. तेही जिथे ते दार कधी नव्हतंच तिथे, परक्या देशातल्या माणसांच्या वाजवण्यात. पोटात असताना त्याने टेप ऐकली होती, म्हणून असेल का? मग टेपमध्ये कावळा यायचा त्या जागी तो का वळत नाही, खिळे ठोकायचे त्या जागी का नाही? मी त्याचे कान बघायचे, लवेसकट पारदर्शक, उन्हात गुलाबी दिसणारे, आणि आत कुठवर जातात या वाटा असं वाटायचं. भीती वाटायची, आणि भीतीच्या खाली, सांगायला लाज वाटते, मला बरं वाटत होतं. फलीशेठ येवोत. रोज येवोत. त्यांच्या येण्याने का होईना, माझ्या पोराला काहीतरी ऐकू येतंय. एका दुपारी तर मी चहा करताना अर्धा कप जास्त टाकला आणि तो दारापाशी स्टुलावर ठेवला. चेलो उतरायला लागले. मी बारक्याकडे बघत होते. तो वळला, मी त्या कपावरची वाफ बघितली, आणि तेवढ्यात दारात सावली पडली तशी माझ्या तोंडून किंकाळी निघाली.

"काय झालं? मी हाय," आय म्हणाली. तिने कप उचलला, ओठाला लावला. "कोणाला ओतलास? निवला सगळा." ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि निवलेला चहा प्यायली. ओबो संपून व्हायोलिनं आली होती. मी ते बंद केलं. "एक विचारू का?" आय म्हणाली. "रागावू नको. तू दुपारची वाट कोणाची बघतेस?" मी म्हटलं, वाट? कसली? "ते लावतेस ना रोज. मी पलीकडे जिव्याच्या ओट्यावर असते, तिथून दिसतं. ते वाजतं, वाजतं, मग तू दाराकडं बघतेस. मला वाटायचं मलाच बघतेस, मी हात करायची. तर तू बघून न बघितल्यावानी. रोज. असं बघतेस..." तिने बघून दाखवलं. वर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आयच्या म्हाताऱ्या, गोंदलेल्या तोंडावर मला होमायबाईंचा चेहरा दिसला, जसाच्या तसा, डोळे उघडताना होणारा. "न् तुझ्या मागून हा पोऱ्यापण बघतो," ती म्हणाली. "मला हसू येतं. माय बघेल तिकडं लेकरू."

मी बघत होते? मला माहीत नव्हतं. आपल्या मानेत एवढं काही होतं आणि आपल्याला कळत नाही? मी म्हटलं, "आय, तू याच्यासमोर बस, याच्याकडे बघ. मी पाठ करून बसते." तिला ते आवडलं नाही. "वाजणाऱ्याला पाठ करतात का? आमच्यात तारपा वाजतो तेव्हा रात्रभर गोल फिरतात, पण तारप्याला पाठ नाय दाखवत कोणी. बारक्याचा आजा वाजवायचा, त्याच्यासमोर कोणी पाठ केली तर फुंकायचाच थांबायचा." मी म्हटलं, आज एकदाच. मी भिंतीकडे तोंड केलं, ओढणी डोक्यावरून पार खांद्याखाली ओढली, आणि शाळेच्या मुलांना लावलं. ओढणीच्या आत माझ्याच श्वासाची ऊब होती. कर्णे घसरले. कुणीतरी खोकलं. चेलो पायरी पायरी उतरायला लागले, आणि मला पहिल्यांदा ते कळलं, मानेच्या मुळाशी डावीकडे एक बारीक शीर ओढली जात होती, कुणीतरी हनुवटीला बोट लावून वळवावं तसं. मी दोन्ही हातांनी मान धरून ठेवली. सगळं थांबलं. त्या मुलीने श्वास घेतला. "वळला?" मी विचारलं. "आय, वळला का?" "नाय गं," ती म्हणाली. "तो तुझ्या पाठीकडंच बघतोय." ओबो वाजत राहिला. मी ओढणीच्या आत काही करत नव्हते, रडतसुद्धा नव्हते. चटईवर घासत तळवे आले, गुडघे आले. तो माझ्या भोवतीने रांगत, भिंत आणि मी यांच्यातल्या सांदीत शिरला, ओढणीचं टोक धरून खेचलं आणि माझं तोंड सापडल्यावर कपाळाला कपाळ लावलं.

त्याच संध्याकाळी मी नितीनला म्हटलं, वापीला जायचं. तो काहीतरी गमतीचं बोलणार होता, पण आयने त्याच्या ताटात भाकरी टाकता टाकता सांगितलं, "जा." कारखान्यातल्या सुकऱ्याची इको गाडी घेतली. विवळवेढ्याला आयने खिडकीतूनच महालक्ष्मीला हात जोडले, बारक्याचेही जोडायला लावले. तलासरीच्या पुढे ट्रकांची रांग होती आणि प्रत्येक ट्रक हॉर्न देत होता, आणि बारक्या माझ्या मांडीवर काचेला नाक लावून ट्रकांमागची रंगीत चित्रं बघत होता, इतका सुखात. मी त्याला पूर्वी इतकं नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं. आवाजाचा सगळा गोंधळ बाजूला ठेवून तो जग बघत होता, आणि त्याच्या जगात मी केवढी मोठी होते. माझी प्रत्येक भुवई त्याला बातमी होती. माझ्या भीतीने तो घाबरला होता, माझ्या हसण्याने हसला होता, आणि ज्या माणसाला मी कधी पाहिलंही नाही त्याची वाट मी त्याला बघायला लावली होती.

डॉक्टरीणबाई तरुण होती, हळू बोलायची. बारक्याला दूध पाजून निजवलं, तिने त्याच्या कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवल्या, कानांत नळ्या घातल्या. खोलीत एवढी शांतता की माझ्या कानात घूं वाजत होतं. त्याच्या कानात काय वाजत होतं ते मला ऐकू येत नव्हतं. पडद्यावर नुसत्या रेषा, एकीखाली एक, वाऱ्याशिवायच्या पाण्यासारख्या. "आवाज आहे का आत्ता?" मी विचारलं. "आहे," ती म्हणाली, "मोठा आहे." तिने अजून वाढवला. रेषा तशाच पसरून राहिल्या. बारक्या झोपेत ओठ हलवून दूध पीत होता. ती म्हणाली, रिपोर्ट टाइप करते, मग बसून बोलू. घाबरू नका, वेळेत आलात.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. नितीन पाणी आणायला गेला. आय पलीकडच्या बाकावर कुणा गुजराती बाईला बारक्याच्या बापाच्या लहानपणाबद्दल सांगत होती. बारक्या जागा झाला, माझ्या मांडीवर माझ्याकडे तोंड करून बसला. त्याच्या कपाळावर चिकटपट्टीचा लाल चौकोन उठला होता, तो मी बोटाने चोळत होते. फोन पिशवीत होता, बंद. आणि ते सुरू झालं. माझ्या आत, आपलं आपण. घाईवाल्यांचं नव्हतं, देवळातलं नव्हतं, मुलांचंही नव्हतं; ज्या चालीने चाललं होतं तशा चालीने ते मी कुठल्याच वाजवण्यात ऐकलेलं नव्हतं. माझ्या डावीकडे डॉक्टरीणबाईचं दार होतं, लावलेलं. मी ठरवलं, वळायचं नाही. मी डोळे त्याच्या झबल्याच्या वरच्या गुंडीवर ठेवले, मान ताठ केली, श्वाससुद्धा होता तसा ठेवला. चेलो उतरत होते. मी हलले नाही, हे मी आजही शपथेवर सांगेन. ते सगळ्यात खालच्या पायरीवर आले आणि थांबले, आणि बारक्याने मान वळवून दाराकडे पाहिलं, वर, उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. मग माझ्याकडे बघून हसला, पुढे जाऊन मागच्यासाठी थांबलेलं माणूस हसतं तसं. आणि पुन्हा तिकडे बघायला लागला.

मग त्याच्या मागून मीही वळले.